आठपर्यंत

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं.
जेवणात मटकीची उसळ, शिरा
आणि निघताना प्रत्येकीला एक फोल्डर:
राग आला की डोळे मिटा,
नाकाने श्वास घ्या,
बोटांवर दहापर्यंत मोजा.
मी तो कागद वर्गात लावला
पाढ्यांच्या तक्त्याशेजारी, खळीने.
चिकटपट्टी जूनमध्येच संपली होती.

शाळा आमची सातपूरची.
साडेतीनला पहिली पाळी सुटते, भोंगा होतो
आणि चौथी ब आपोआप मान वर करते,
कुणाचा तरी बाप आता गेटाबाहेर पडला.
भागाकार तेवढ्यापुरता थांबतो.
बाकी काय उरली ते मग पुन्हा विचारावं लागतं.

त्या दिवशी सुमेध गांगुर्डेने
निगळांच्या यशराजला कानाजवळ
कंपासपेटी मारली.
रक्त थोडं, रडणं फार.

"राग आला की काय करायचं ठरलं होतं?"
"मोजायचं."
"मग मोजलंस?"
"मोजलं ना, मॅडम."
"मग?"
"मोजून झालं. मग मारलं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
मलाही हसू आलं, ते मी हजेरीपटात लपवलं
आणि आवाज चढवून म्हणाले,
माझ्यासमोर मोज बघू.

त्याने दोन्ही पंजे पुढे धरले.
उजव्या हाताची दोन बोटं,
अंगठ्याजवळची, आधीच दुमडून घेतलेली.
एक. दोन. तीन.
सावकाश, अक्षर गिरवावं तसं.
आठ.
आणि थांबला.
"पुढे?"
"पुढे नसतात."

यशराज फरशीकडे बघत होता.
मधल्या सुट्टीत नक्कल कशाची झाली असेल
ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.
डबा उघडायची, की गाडीची किक मारून
हँडल धरायची, त्या हाताने.
मी विचारलं नाही.

प्रेसमशीन मला लांबूनच ठाऊक,
पत्रा आत, पत्रा बाहेर, मध्ये हात.
जुलैच्या पालकसभेला तो माणूस आला होता.
पेन डाव्या हातात धरून
रजिस्टरवर बराच वेळ वाकला
आणि म्हणाला, "नवीनच शिकतोय मॅडम,
अक्षर समजून घ्या."
मी समजून घेतलं होतं. फक्त अक्षर.

फोल्डर मी पुन्हा काढून चाळलं.
यावर काही नव्हतं.
शेवटच्या पानावर एका पतपेढीची जाहिरात.

शाळा सुटल्यावर स्टुलावर चढून
"दहा"वर कागदाचा तुकडा चिकटवला,
त्यावर स्केचपेनने लिहिलं: आठ.
सकाळी वर्गाला सांगितलं,
आपल्याकडे इथून पुढे आठपर्यंतच.
"का, मॅडम?"
"दहा लांब पडतं."

अल्फिया पिंजारीने हात वर केला.
तिला सगळं नीट लागतं, समासही.
"आठ झाले की राग जातो?"
"नाही जात."
"मग?"
"तेवढा वेळ हात मोजण्यात गुंततात."
तिने ते वहीत लिहून घेतलं, खाली तारीख टाकली.
सुमेध कागदाकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे,
मग पुस्तक उघडलं. चुकीचं पान.

त्यानंतर त्याने कुणाला मारलं नाही, असं नाही.
दिवाळीच्या आधी एकदा मारलंच,
पण शेवटच्या तासाला टेबलापाशी येऊन
आपणहून सांगितलं:
"पाचवर सुटलं, मॅडम."
पाच म्हणजे कमी नाही, मी म्हटलं.
मला स्वतःला कित्येकदा दोनही होत नाहीत,
मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तर एकही नाही.

परवा नळावर रांग होती.
सहावीच्या एका दांडगटाने यशराजला ढकललं,
बाटली गेली, झाकण गटारात.
मी व्हरांड्यातून ओरडणार, तेवढ्यात
त्याने डोळे मिटले,
पंजे छातीपाशी घेतले,
उजव्या हाताची दोन बोटं दुमडली.
नक्कल तीच होती, हुबेहूब.
हसू तेवढं नव्हतं.
ओठ हलत होते,
सहा,
सात.